लंडन ते पॅरिस : विमानाचा सव्वा तास खरा धरायचा का?

रूळवाट : लंडन-पॅरिस सरळ अंतर साधारण 344 किमी. वेळापत्रकात विमानाला सव्वा तास, समुद्राखालच्या बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेला सुमारे 2 तास 20 मिनिटं. एवढ्यावरून लोक विमान काढतात, आणि मुक्काम शहराच्या मध्यात असेल तर तिथेच फसतात. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून हीथ्रो विमानतळ 15 मिनिटं, उड्डाणाआधी दोन तास हजेरी, उतरल्यावर पासपोर्ट आणि बॅगेची वाट, मग 25 किमीवरच्या शार्ल द गोल विमानतळाहून आरईआर बी या लोकलने पॅरिसमधल्या गार द्यू नोर स्टेशनपर्यंत अर्धा तास. झाले की पाच तास! रेल्वेला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला सव्वा तास आधी पोचलात तरी सगळं पावणेचार तासांत आटपतं. फ्रेंच पोलिसांची पासपोर्ट तपासणी लंडनलाच होते, त्यामुळे पॅरिसला उतरलं की थेट मेट्रो.

विंगलेट : सव्वा तास हा गेट ते गेट असतो. हवेत पाऊण तासच. एवढ्या कमी अंतरात विमान पुरेशी उंची गाठतं न गाठतं तोच उतरायला लागतं. बाकी वेळ धावपट्टीपर्यंतची रांग खाते. पॅरिसहून येताना गर्दी असली तर लंडनच्या आग्नेयेला बिगिन हिलच्या आसपास घिरट्या घालाव्या लागतात, ते वेगळंच. आणि पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे. दहाला सुटून 12:20 ला पोचणारं विमान 1 तास 20 मिनिटांचंच आहे. जाताना दोन तास वीस आणि येताना वीस मिनिटं असं वाचू नका.

टेम्सकाठ : रूळवाट, मला हे पटत नाही. मध्यात राहतं कोण? पश्चिमेकडच्या स्लाऊ, हाउन्स्लोवाल्यांना हीथ्रो दाराशी. स्लाऊहून सेंट पँक्रसला एलिझाबेथ लाइनने फॅरिंगडन, तिथे गाडी बदलून टेम्सलिंक. सामानासकट तासभर सहज. शिवाय रेल्वेला पर्यायी मार्गच नाही. 30 डिसेंबर 2023 ला टेम्सखालच्या बोगद्यात पाणी शिरलं आणि युरोस्टारच्या सगळ्या गाड्या रद्द झाल्या.

रूळवाट : 20 मार्च 2025 च्या रात्री हेजच्या वीज सबस्टेशनला आग लागून 21 मार्चला हीथ्रोही जवळपास दिवसभर बंद होतं. अशा एकेका दिवसावरून साधन ठरवू नये. स्लाऊचं मात्र मान्य.

टेम्सकाठ : मग रोजचंच बोलू. शेंगेन व्हिसावर जाणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांची 12 ऑक्टोबर 2025 पासून ईईएस, म्हणजे युरोपात येण्या-जाण्याची डिजिटल नोंदणी, टप्प्याटप्प्याने सुरू झाली : चेहऱ्याचा फोटो (बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात). सेंट पँक्रसला हे गाडीत चढण्याआधी होतं आणि गेट 30 मिनिटं आधी बंद होतं. रांग लांबली की गाडी हुकण्याची भीती. विमानाने गेलात तर हीच रांग पॅरिसला उतरल्यावर. उशीर होईल, पण प्रवास बुडत नाही.

विंगलेट : हा मुद्दा बिनतोड आहे. पहिल्यांदा नोंदणी असेल तर सव्वा तास नाही, तिकिटावर स्टेशनला पोचण्याची जी वेळ दिलेली असते तिच्या आरंभालाच हजर राहा. सामान जास्त असेल तर तरीही रेल्वेच : माणशी 85 सेंमीपर्यंतच्या दोन बॅगा, वर एक हातातली पिशवी, आणि द्रवाला 100 मिलीची अट नाही. स्वस्त विमानात एक बॅग वाढली की तिकिटातली बचत तिथेच संपते.