नाटकातल्या प्लास्टिकच्या चिलखताला बगलेत तडा, आतून कसा सांधायचा?

हौशी_रंगकर्मी_कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. आमच्या ऐतिहासिक नाटकातली चिलखतं प्लास्टिकची आहेत. पत्रा तापवून साच्यावर ओढलेला, वर काळा आणि जुन्या पितळेचा रंग. छातीचं आणि पाठीचं पान चामडी पट्ट्यांनी जोडलेलं. सेनापतीच्या चिलखताला बगलेखाली पट्ट्याच्या रिवेटपासून बोटभर तडा गेलाय. लढाईच्या प्रवेशात नट वाकला की करकर आवाज पहिल्या रांगेपर्यंत जातो. फेविक्विक एका तालमीत सुटलं. साचा आता मिळणार नाही आणि प्रयोग आठवड्यावर आलाय. बाहेरचा रंग न बिघडवता काय करता येईल?

गॅरेजवाला:
आम्ही गाडीच्या बंपरला आतून गरम स्टेपल मारतो, पक्कं बसतं. पण तुमचा पत्रा दोन-अडीच मिमीचाच असेल, तर स्टेपलचा उठाव पुढून दिसेल. इथे नको.

ड्रेपरी_सांभाळणारी:
दादा, गोंद कुठला ते नंतर ठरवू, आधी प्लास्टिक कुठलं ते बघा. आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा, रंग खरवडा आणि पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा कुठलाच गोंद नीट धरत नाही, त्याच जातीच्या प्लास्टिकची पट्टी वितळवूनच सांधावं लागतं. तळाला गेला तर आतल्या बाजूला अॅसिटोनचा बोळा घासा. पृष्ठभाग चिकट झाला तर बहुधा एबीएस, म्हणजे कीबोर्डच्या कवचाला वापरतात ते कडक प्लास्टिक. अॅसिटोन रसायनांच्या दुकानातून निव्वळ आणा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये पाणी, तेल असलं काय काय मिसळलेलं असतं.

एबीएस निघालं तर त्याच्यासारखा दुसरा सांधा नाही, कारण अॅसिटोन प्लास्टिकच विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव होतात. भंगारातला कीबोर्ड किंवा मॉनिटर बघा, कवचाच्या आतल्या बाजूला एबीएस असं उठवलेलं असतं. त्याचे बारीक तुकडे काचेच्या बरणीत अॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. मधाइतका दाट लेप हवा.

लेपाआधी तड्याच्या टोकाला 2 मिमीचं भोक पाडा, दिसतं त्या टोकाच्या जरा पुढे. सगळी ओढ त्या अणकुचीदार टोकावर एकवटते म्हणून तडा पळतो. गोल भोकात ती पसरते. मग आतली बाजू 80 नंबरच्या पॉलिश पेपरने तड्याच्या दोन्हीकडे तीन-तीन बोटं घासा. लेपाचा पातळ हात, त्यावर फायबर ग्लासची जाळी, वर पुन्हा पातळ हात. घाईने जाड थापू नका. वरून सुकल्यासारखं दिसतं, आत अॅसिटोन अडकून पत्रा मऊ पडतो आणि बाहेरचा रंग फुगतो. शेवटच्या हातानंतर दोन दिवस हात लावू नका.

आणि लेप लावताना चिलखत ताणलेलं नको! ताणातल्या एबीएसला अॅसिटोन लागला तर शेजारीच नवे बारीक तडे पडतात. पट्टे सोडा, पान त्याच्या मूळ आकारात पालथं ठेवा, कडा बाहेरून मास्किंग टेपने जुळवा.

हे सगळं केलंत आणि पट्टा तसाच ठेवलात तर मात्र तडा परत येणार. मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. चामडं ताणत नाही, त्यामुळे नट वाकला की सगळा झटका एका रिवेटच्या भोकावर बसतो. त्या जागी आतून तळहाताएवढा एबीएसचा तुकडा बसवा, कोपरे गोल करून. रिवेटखाली मोठा वॉशर घाला. पट्ट्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागात रुंद इलॅस्टिकचा जोड द्या. दुसऱ्या बगलेलाही आणि बाकीच्या चिलखतांनाही आत्ताच करून टाका. तडा दिसायची वाट बघू नका.

एक कळकळीची विनंती. हे काम मेकअपरूममध्ये करू नका. तिथे नटराजापुढे उदबत्ती, निरांजन असतं, आणि अॅसिटोनची वाफ साध्या तापमानालाही पेट घेते. गच्चीवर किंवा अंगणात करा.

हौशी_रंगकर्मी_कोल्हापूर:
ताई, तुकडा तळाला गेला आणि बोळा चिकटला. आजच भंगारवाल्याकडे जातो. बाहेरून तड्याची रेघ दिसते, तिचं काय?

ड्रेपरी_सांभाळणारी:
छान झालं. आतलं पूर्ण सुकल्यावर टेप काढा आणि गाडीच्या रंगकामातली बारीक पुट्टी रेघेत बोटाने भरा. 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. आधी काळा, मग पितळेचा रंग कोरड्या ब्रशने नुसता उठावांवर. स्प्रे मारू नका, आजूबाजूच्या जुन्या रंगाशी जुळणार नाही. नटाला इलॅस्टिक लावलेल्या पट्ट्यासह लढाईचा प्रवेश एकदा पूर्ण करायला लावा, हात वर नेऊन तलवार चालवताना पान बगलेत रुततंय का ते त्यातच कळेल. रुतलं तर कड अर्धा इंच गोल घासा.

गॅरेजवाला:
पुट्टी आणि पेपर माझ्याकडे पडून आहेत, मीही कोल्हापुरातच आहे. व्यनि (खासगी निरोप) करा, घेऊन जा.