सल्ला हवा: यानातून गुरुत्वाकर्षण मोजणं, प्रदर्शनासाठी काय करावं?

चिंचगूळ:
मंडळी, भाची अकरावीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं हा विषय घेतलाय. मदतीला मी, तीही कॉमर्सवाली. ग्रेस नावाच्या जुळ्या उपग्रहांचं मॉडेल करू म्हणतेय. चालेल? नुसतं थर्माकोल नको, काहीतरी चालतं हवं. खर्च बेताचा.

लंबक:
ग्रेस नको. मोहीम झकास होती, वाद नाही. २००२ साली सोडलेले दोन उपग्रह, मध्ये साधारण २२० किमी, आणि ते अंतर किती मायक्रोमीटरनं बदलतंय त्यावरून खाली वस्तुमान कुठे जास्त ते काढायचं. पण हे टेबलावर दाखवणार कसं? शिवाय परीक्षक विचारणारच, त्यात त्वरणमापक (वेग किती झपाट्यानं बदलतो ते मोजणारं उपकरण) होते, मग त्यांनीच g, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे येणारं त्वरण, का नाही मोजला? कारण कक्षेतला उपग्रह सतत पडतच असतो आणि आतला त्वरणमापकही त्याच्यासोबत पडतो. गुरुत्वाकर्षण त्याला जाणवतच नाही. तो होता विरळ हवेचा आणि सूर्यप्रकाशाचा रेटा मोजून हिशेबातून वजा करायला.

त्यापेक्षा क्युरिऑसिटी घ्या. मंगळावरच्या या गाडीत कल आणि दिशा कळायला त्वरणमापक होतेच. गाडी तिथला माउंट शार्प हा डोंगर चढत गेली तसा संशोधकांनी त्यांचाच गुरुत्वमापक केला. चढताना g किती घटतो यावरून खालच्या खडकाची घनता निघाली, घनमीटरला सुमारे १६८० किलो. म्हणजे खडक चांगलाच सच्छिद्र. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. वेगळं उपकरण न नेता!

घाटवाट:
+१. फोनमध्येही त्वरणमापक असतो. फायफॉक्स हे फुकट ॲप टाका आणि त्यात g सहितचं त्वरण निवडा, दुसऱ्या पर्यायात ॲपच ९.८ वजा करून टाकतं. फोन टेबलावर असताना ९.८च्या आसपास, उशीवर सोडला की हवेत शून्याजवळ. फोन जुना घ्या हो! आणि सिंहगडावर नेऊन क्युरिऑसिटीसारखं मोजलं तर?

लंबक:
नाही जमणार. सहाशे मीटर चढलात तरी फरक ०.००२ पेक्षा कमी, तेवढी तर फोनची स्वतःचीच चूक असते.

मुंगूस:
चांद्रयान-३ विसरलात? विक्रमवरच्या इल्सात, म्हणजे कंपनं टिपणाऱ्या उपकरणात, सिलिकॉनचे बारीक त्वरणमापक होते, बंगळुरूत बनवलेले. प्रग्यान चालल्याची थरथर त्यांनी टिपली. फोन टेबलावर ठेवून शेजारून खेळण्यातली गाडी चालवा, आलेख हलतो.

चिंचगूळ:
गाडी घरात आहे! पडणारा फोन आणि इल्सा, दोन्ही दाखवतो. आलेख मोठ्या स्क्रीनवर कसा घ्यायचा?

घाटवाट:
ॲपमध्येच रिमोट ॲक्सेस आहे. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर ठेवा, मग तो देईल तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका.