फडताळाच्या अरुंद खणात हातोडी फिरत नाही, खिळे कसे ठोकू?

कसब्यातली:

नमस्कार. कसबा पेठेतलं आमचं घर जुनं आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीत सागवानी फडताळ आहे, आजेसासूबाईंच्या वेळेपासूनचं. रंगकामासाठी ते रिकामं केलं, तर मागच्या उभ्या फळ्यांच्या सांध्यांवर मारलेल्या पट्ट्या सैल होऊन लोंबताना दिसल्या. दोन हात लावताच सुटून आल्या. लाकूड ठणठणीत आहे, वाळवीचा मागमूस नाही. जुन्या खिळ्यांची भोकं तेवढी मोठी झाली आहेत. या पट्ट्या मला परत बसवायच्या आहेत, आणि शक्यतो माझ्या हातानेच.

अडचण जागेची आहे. डावीकडचे खण मोठे आहेत, तिथलं काम झालं. उजवीकडचे खण मसाल्याच्या बरण्यांसाठी केलेले, रुंदी ४.५ इंच, उंची ९ इंच, खोली १३ इंच. खिळे अगदी तळाशी, म्हणजे भिंतीच्या दिशेने मारायचे आहेत. हात आत जातो, पण हातात हातोडी असली की मनगट हलत नाही. शिवाय सगळ्यात वर एक पत्रावळी ठेवायचा चपटा खण आहे. त्याच्या छताला आतून एक पट्टी होती, तिला खिळे खालून वर मारावे लागतील. तिथे दोन फळ्यांमध्ये उणेपुरे ३ इंच आहेत.

पट्ट्या २ सूत (पाव इंच) जाडीच्या आहेत, मागच्या फळ्या पाऊण इंचाच्या. माझ्याकडे ड्रिल आहे, छोटी हातोडी आहे, पाऊण इंची बारीक चुका (छोटे खिळे) आणून ठेवल्या आहेत. एक सुतार बघून गेले, ते म्हणाले हे सगळं उपटून प्लायचं करून देतो. ते मला अजिबात नकोय.

नळीत खिळा घालून नुसता दाबायचा, असं एक हातातलं अवजार असतं असं ऐकलंय. ते सागवानात चालेल का? पुण्यात कुठे मिळेल?


वडगावचा फर्निचरवाला:

ताई, दोन प्रकार असतात. एक हाताने दाबायचं. लाकडी मूठ, पुढे स्प्रिंगवर मागे सरकणारी नळी, नळीच्या आत लोहचुंबकाची सळई. चूक डोक्याकडून नळीत घालायची, सळईला चिकटते, टोक जागेवर ठेवून मूठ दाबायची. त्याला ब्रॅड पुशर म्हणतात. दुसरा पाम नेलर, तळहातात मावतो, कॉम्प्रेसरच्या हवेवर चालतो आणि खिळ्याच्या डोक्यावर भराभर ठोके मारतो. आमच्याकडे साइटवर आहे, अडचणीच्या जागी दोन-तीन इंची खिळे लोण्यात घातल्यासारखे जातात.

रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. मोबाइलवर चित्र दाखवलंत तर पटकन कळेल.

खरं तर मी असतो तर पट्टीला मागून फेव्हिकॉल फासून बसवली असती, वर टेकू देऊन रात्रभर ठेवली असती. खिळ्यांची भानगडच नको.


टूलरूमवाला:

ताई, फडताळ काढू नका, हे आधी सांगतो. जुनं सागवान आता त्या भावात तर सोडाच, त्या प्रतीचंही मिळत नाही. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. तुमचं लाकूड तर भिंतीत कोरडं बसलंय. त्याला काही धाड भरलेली नाही.

भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची अवजारं बनवायच्या विभागात, माझी नोकरी झाली, आता घरी लाकडाचं काम करतो. तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे प्रश्न दिसतात.

अडचणीची जागा म्हटलं की आपण किती इंच ते मोजतो. ती कुठल्या दिशेला अडचणीची आहे, हे बघायला हवं. हातोडीचा दांडा कमानीत फिरतो, म्हणून तिला आडवी जागा लागते. नळीच्या अवजाराला आडवी जागा जवळजवळ लागत नाही, पण खिळ्याच्या सरळ रेषेत मागे जागा लागते. तुमच्या बरण्यांच्या खणात आडवी जागा नाही, पण रेषेत १३ इंच आहेत आणि त्यापुढे अख्खं स्वयंपाकघर मोकळं. तिथे नळी चालेल. पत्रावळीच्या खणात बरोबर उलटं आहे. रेषेत ३ इंच, तिथे नळी उभीच राहणार नाही. त्यामुळे एकच अवजार दोन्हीकडे शोधत बसू नका.

आधी बरण्यांचे खण. फर्निचरवाल्यांनी सांगितलेला पाम नेलर चांगलंच यंत्र आहे, पण ते जाड खिळ्यांसाठी. २ सुताच्या जुन्या पट्टीवर ते भराभर ठोके घालू नका, पट्टी उभी चिरेल. दाबायचा पुशर घ्या. तो पाइनसारख्या मऊ लाकडात सरळ जातो. सागवानात मात्र आधी भोक पाडल्याशिवाय चूक वाकणार, कितीही जोर लावा. तुमच्या चुका बहुधा १८ गेजच्या असतील, म्हणजे तार साधारण १.२ मिमी. भोक १ मिमीचं पुरे. एवढं बारीक ड्रिल बिट सागवानात मोडतं, म्हणून जास्तीचे एक-दोन आणून ठेवा. पट्टीतली भोकं बाहेर टेबलावर पाडून घ्या. मग पट्टी जागेवर धरून त्याच भोकांतून फळीत पाडायची. त्यासाठी ड्रिलला लांब एक्स्टेंशन सळई लावा, म्हणजे ड्रिलचं धूड खणाबाहेर राहतं. जुन्या भोकांत खिळा परत घालू नका, नवी भोकं अर्धा इंच वर-खाली घ्या. चुकेचं टोक पट्टीच्या टोकाजवळ येत असेल तर ते आधी हातोडीने जरा बोथट करा. अणकुचीदार टोक लाकडाचे रेषे पाचरीसारखे फाकवतं, बोथट टोक ते चुरडत पुढे जातं, त्यामुळे चीर पडत नाही. टोकावर साबणाची वडी घासली की जोर कमी लागतो.

पुशरने हाताला फार कळ लागली तर दुसरा मार्ग सांगतो. मी स्वतः तोच वापरतो. लेथवाल्याकडून घसरत्या दांड्याचं अवजार करून घ्यायचं. ३५० मिमी लांब नळी, आतून ६ मिमी. तिच्यात सहज सरकणारी ६ मिमीची सिल्व्हर स्टीलची (तापवून कडक करता येणाऱ्या पोलादाची) सळई. सळईच्या वरच्या टोकाला २५ मिमी व्यासाचा, ७५ मिमी लांब लोखंडी गोळा आटे पाडून घट्ट बसवायचा, त्याचं वजन २९० ग्रॅमच्या आसपास भरतं. हीच तुमची हातोडी. नळी खणाच्या खोलीपेक्षा जरा लांब ठेवली की गोळा खणाच्या तोंडाबाहेर राहतो. एका हाताने नळी दाबून धरा, दुसऱ्या हाताने गोळा दोन-तीन इंच मागे ओढून जोरात पुढे ढकला. ठोका नेमका खिळ्याच्या डोक्यावर, दर वेळी सरळ. हात घसरला म्हणून पट्टीवर चंद्रकोर उमटली, असं होतच नाही.

दोन गोष्टी लेथवाल्याला बजावून सांगा. एक, ६ मिमीच्या नळीत बारीक चूक तिरकी होते. म्हणून नळीच्या तोंडात ३.२ मिमी भोकाचा, २२ मिमी लांब बुश (आत घट्ट बसणारी छोटी नळी) बसवायचा आणि सळईचं नाक, म्हणजे पुढचं टोक, त्याहून दोन-तीन मिमी जास्त लांबीला ३ मिमीवर उतरवायचं. बुशच्या आतल्या तोंडाला उतार द्यायचा, नाहीतर मागे ओढलेलं नाक परत जाताना अडकतं. दोन, गोळा नळीच्या वरच्या काठावर टेकला की नाक नळीच्या तोंडाबाहेर फक्त अर्धा मिमी यायला हवं. सगळी खुबी या अर्ध्या मिमीत आहे. चुकेचं डोकं लाकडाच्या अंगाबरोबर बसून केसभर आत जातं आणि दांडा आपोआप थांबतो. नाक जास्त बाहेर आलं तर पट्टीला खड्डा पडेल, आतच राहिलं तर डोकं वर राहील आणि बरणी काढताना बोट कापेल.

नाक लालबुंद तापवून तेलात विझवायचं, पॉलिश करून परत हळूहळू तापवायचं. जांभळट-निळा रंग आला की थांबायचं. तेवढं पाणी दिलं की नाक चपटंही होत नाही आणि काचेसारखं तुटतही नाही. मग त्याच्यावरून लोहचुंबक एकाच दिशेने घासा. कडक केलेलं पोलाद चुंबकत्व धरून ठेवतं, चूक त्याला चिकटून राहते. गोळ्यावर बाहेरून हातोडी मात्र मारू नका, कपची उडून डोळ्यात जाते. चष्मा तर हवाच.

आता फेव्हिकॉल. फर्निचरवाल्यांचा हात कामात चांगला असेल, शंका नाही. पण इथे डिंक लावायचा नाही, आणि हे मी कळकळीने सांगतोय. या पट्ट्या सांधा झाकायला असतात, फळ्या जोडायला नसतात. श्रावणात फळी फुगते, वैशाखात आटते. पट्टी दोन्ही फळ्यांना चिकटवली किंवा दोन्हीकडे खिळली, तर आटताना फळ्यांना सरकायला वाव राहत नाही आणि कुठेतरी उभी चीर जाते. म्हणून पट्टी एकाच फळीला खिळायची, दुसऱ्या फळीवर ती नुसती टेकून राहते. तुमच्या सुटलेल्या पट्ट्या उलट्या करून बघा. ज्याने हे फडताळ केलं त्याला हे नक्की ठाऊक असणार, जुनी भोकं एकाच कडेला सापडतील.


कसब्यातली:

काका, पट्ट्या आत्ताच उलट्या करून पाहिल्या. सगळी भोकं एका कडेला, मधोमध एकही नाही! दुसऱ्या अंगाला फळीचा काळसर घासलेला पट्टा आहे, म्हणजे फळी खरंच तिथे सरकत होती. मी डावीकडच्या मोठ्या खणात दोन्हीकडून चुका मारल्यात, त्या आज संध्याकाळीच एका बाजूने काढते.

पत्रावळीच्या खणाचं काय करू? तिथे खिळा वर चढवायचा कसा?


टूलरूमवाला:

काढताना पकडीखाली पत्र्याचा तुकडा ठेवा, पट्टीवर वळ उठणार नाही.

वरच्या खणात ठोकायचं नाही, दाबायचं. लाकडाच्या पाचरींची जोडी करा. दोन सारख्या, ८ इंचाला १ इंच चढणाऱ्या, बाभळीच्या किंवा सागाच्या. पट्टीला आणि छताला आधी भोक पाडून घ्या आणि चूक बोटाने त्यात उभी करा. पाऊण इंची चूक आहे, तिच्याखाली दोन-सव्वादोन इंच उरतील. चुकेच्या डोक्याखाली लोखंडी पट्टीचा जाड तुकडा, त्याखाली लाकडाचा ठोकळा, आणि ठोकळ्याखाली एकमेकींवर उलट्या ठेवलेल्या त्या दोन पाचरी. एका पाचरीचं जाड टोक खणाच्या तोंडाशी यायला हवं. तळच्या फळीवर अर्ध्या इंचाचा सपाट तुकडा अंथरा म्हणजे भार पसरेल. आता बाहेरच्या टोकावर हातोडी मारा, बाहेर हात हवा तसा फिरतो. पाचर १ इंच आत गेली की चूक १ सूत वर चढते. पाचरी पुऱ्या आत गेल्या की ठोकळा जाड घ्या आणि परत सुरुवात करा. कष्टाचं आहे पण अचूक आहे. तळची फळी कुरकुरली तर लगेच थांबा आणि तिला खालच्या खणातून टेकू द्या.


वडगावचा फर्निचरवाला:

काका, पट्टी हलती ठेवायची हे मान्य. आम्ही प्लायवरच काम करतो, प्लाय सरकत नाही, म्हणून डिंकाची सवय आहे. पाचरीपेक्षा वरच्या खणात स्क्रू बरा नाही का? झेडच्या आकाराचा वाकडा पेचकस ३ इंचात आरामात फिरतो. भोक पाडलेलं असलं की अर्ध्या इंचाचा स्क्रू हाताने बसतो, उद्या पट्टी काढायची झाली तर निघतोही.


टूलरूमवाला:

चालेल, अगदी चालेल, आणि सोपंही आहे. तिथे दोन सुतांची पट्टी धरायला पाऊण इंची स्क्रू घ्या, अर्धा इंची फळीत पुरेसा शिरणार नाही. आणि भोकाच्या तोंडाला स्क्रूचं डोकं बसेल एवढी वाटी करा, पट्टी फाटणार नाही. ताई, यांचं ऐका, पाचरी नाही जमल्या तर.


कसब्यातली:

स्क्रूच लावते तिथे, माझ्याने तेवढा वेळ वर मान करून काम होणार नाही. शेवटचं एकच. दर्शनी पट्टीला मूळच्या पितळी चुका आहेत, तशाच नव्या पितळी मिळाल्या तर नळीच्या अवजारात चालतील का?


टूलरूमवाला:

चालतील, पण पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, नळीतून खाली गळेल. सळईच्या नाकाला देव्हाऱ्यातल्या मेणबत्तीचं किंवा मधमाश्यांचं मेण जरासं लावा, चूक धरून ठेवतं. पितळ मऊ असतं, म्हणून भोक लोखंडी चुकेसाठी पाडता त्यापेक्षा थोडं मोठं ठेवा, आणि आधी त्याच जाडीची लोखंडी चूक त्या भोकात अर्धी मारून काढून घ्या. मग पितळी चूक वाकत नाही. जुन्या चुका शाबूत निघाल्या तर फेकू नका, चिंचेने घासून परत वापरा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर टाका, अशा पितळी चुका कधीकधी किलोवर मिळतात.