नहपानाचं नाणं: आज घेऊ नका

नाशिकच्या सराफ बाजारातला विक्रेता नहपान या प्राचीन क्षत्रप राजाचं चांदीचं नाणं दाखवून 'उद्या राहणार नाही' म्हणतोय, लगेच घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. राहू दे ना! १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला, या राजाची तेरा हजारांहून जास्त नाणी एकत्र सापडली. बहुतेकांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा मारला होता. म्हणजे हा प्रकार काही एकुलता एक नाही, दुसरं नक्की मिळेल.

भिंगातून कड नीट बघा. साच्यात ओतलेल्या नकलेला बहुतेकदा कडेला जोडाची रेघ असते, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, अक्षरं बोथट दिसतात. पुन्हा ठसा मारलेलं असेल, तर नव्या चिन्हांखाली जुना चेहरा कुठेतरी डोकावला पाहिजे. काट्यावर वजन करून अस्सल नाण्याच्या वजनाशी ताडूनही बघा. आणि त्र्यंबक रोडला अंजनेरीची मुद्राविज्ञान संशोधन संस्था आहे, तिथल्या संग्रहालयात अस्सल नाणी आधी डोळ्याखालून घाला. हे भाग्य आपल्या नाशिककरांचं!

रामदरबाराचं चित्र आणि '१८१८ ईस्ट इंडिया कंपनी' असं लिहिलेलं नाणं कुणी दाखवलं, तर ते मात्र बघूही नका. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही.

विक्रेत्याकडे पक्कं बिल आणि खोटं निघाल्यास पैसे परत करण्याची लेखी हमी मागा. काय म्हणतो ते इथे कळवा.