मदत हवी आहे : पेठेतल्या जुन्या उपाहारगृहाच्या मिसळीचा रस्सा

नमस्कार मंडळी,

सदाशिव पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उपाहारगृह आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण नव्या मालकांना नावं ठेवायची नाहीत, त्यांना मदतच करायची आहे. जुन्या मालकांचे, म्हणजे आमच्या काकांचे गुडघे साथ देईनात आणि मुलं या धंद्यात येणार नव्हती, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी चालू धंदा विकला. पाटी तीच, टेबलं तीच, गल्ल्यामागची दत्ताची तसबीरही तीच. मसाला मात्र काकू घरी करायच्या, तो व्यवहारात कसा येणार? आचारी कोकणात गावी परत गेले.

आता तिथे लाल तर्रीची मिसळ मिळते. सोबत पाव, पापड, दही, ताक आणि जिलबी, असं भरलेलं ताट येतं. वाईट मुळीच नाही. कोल्हापूरची कांदा-लसूण मसाल्याची मिसळ आणि नाशिकची काळ्या मसाल्याची, दोन्ही मी आवडीने खाते. पण तसली ताटं आता हमरस्त्यावर कुठेही मिळतात. पोहे आणि बटाट्याची भाजी घातलेली, स्लाइस ब्रेडबरोबर येणारी आपली पेठी मिसळ मोजक्याच ठिकाणी उरली आहे. बेडेकरांकडे जा, तुळशीबागेत श्रीकृष्णमध्ये जा किंवा फडके हौदाजवळ वैद्यांकडे जा, प्रत्येकाचा रस्सा वेगळा. आमच्या काकांचाही वेगळा होता, आणि तो असा विरून जावा हे मला खरंच सहन होत नाही.

ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली पोहे, त्यावर चमचाभर पिवळी बटाट्याची भाजी, मग मटकीची उसळ, चिवडा, शेव, कांदा, कोथिंबीर. रस्सा पातळ, हिरवट तपकिरी, वर तेलाचा तवंग जवळजवळ नाहीच. लसूण नाही. जिभेला आधी गोडसर लागायचा, तिखट मागून यायचं आणि ते आल्याचं असायचं. सँपल, म्हणजे वरून घ्यायचा जादा रस्सा, मागितलं की काका स्वतः किटली घेऊन यायचे.

काकांना फोन केला होता. काकूंना आता फारसं आठवत नाही. काका म्हणाले, "अगं, मी फक्त सामान आणायचो आणि मसाला कांडून आणायचो. प्रमाण तिच्या हातात होतं." सामान त्यांना पाठ आहे : धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, लवंग, दालचिनी, थोडी शहाजिरे, लाल मिरची अगदी बेताची. म्हणजे गोड्या मसाल्याचीच भावकी. मी आलं-हिरव्या मिरचीचं वाटण तेलात परतून, मटकी शिजवलेलं पाणी, घरचा गोडा मसाला, गूळ आणि आमसूल घालून रस्सा केला, पण तो सरळ आमटीकडे झुकतो. दगडफूल जास्त पडतंय की आमसुलाच्या जागी चिंच हवी? खोबरं मसाल्यात भाजून घालायचं की वाटणातही लागतं? पेठेतल्या उपाहारगृहांत कुणाच्या घरच्यांनी काम केलं असेल, तर कृपया त्यांना विचारून सांगा.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे. नवे मालक सरळ माणूस आहेत. म्हणाले, "ताई, तरुण गिऱ्हाईक तर्रीच मागतं. जुनी मिसळवाले एक प्लेट घेतात, तीन सँपल घेतात आणि तासभर बसतात. कर्जाचा हप्ता कसा निघायचा?" त्यांचं चुकत नाही. सँपलचे वेगळे पैसे द्यायला आम्ही नेहमीची मंडळी तयार आहोत, तसं त्यांना सांगितलंही. चव जमली तर रविवारी सकाळी जुनी मिसळ ठेवून बघू, असं त्यांनी कबूल केलंय. कुणाच्या भागात अशी जुनी-नवी दोन्ही मिसळ एकाच ठिकाणी चालते का? किंमत कशी ठेवतात?

(पियुषही बदललाय, पण तो विषय पुन्हा कधी.)

ताजा कलम : डाळीचं पीठ लावून बघा असं सुचवणाऱ्यांचे आभार. काल करून पाहिलं. रस्सा मिळून आला, पण निवल्यावर घट्ट होतो, आणि काकांचा शेवटपर्यंत पातळ असायचा. त्यामुळे पीठ नसावं असं वाटतं. थोडी मटकी घोटून घालण्याची सूचना जास्त पटतेय, आज तेच करणार आहे. गुरुवारी रात्री मटकी भिजत घालेन, म्हणजे रविवारपर्यंत चांगले मोड येतील. मसाल्याचं प्रमाण, अगदी अंदाजे वाटीच्या मापात का होईना, शनिवारपर्यंत कुणी कळवलं तर मालकांच्या भटारखान्यातच करून बघता येईल. त्यांनी सकाळी सहाला बोलावलंय.