६ मिमीचा मुतखडा, कळ अचानक थांबली आहे. पुढे काय करू?

मूळ प्रश्न

नमस्कार. मुतखड्याचा पहिलाच अनुभव आहे आणि फार गोंधळले आहे, म्हणून इथे विचारते.

मंगळवारी पहाटे उजव्या कुशीत दुखायला लागलं. झोपेत अंग अवघडलं असेल म्हणून कूस बदलली. पंधरा मिनिटांत दुखणं इतकं वाढलं की मी बाथरूमच्या फरशीवर गुडघे टेकून बेसिनची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. बसवेना, झोपवेना, उभंही राहवेना. दोनदा उलटी झाली. मध्येच पाच-दहा मिनिटं उसंत मिळायची, वाटायचं संपलं, आणि पुन्हा कुशीतून जांघेपर्यंत तीच कळ. माझी दोन बाळंतपणं झाली आहेत, तरी सांगते, असं कधी दुखलं नव्हतं.

दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात उतार पडला. सीटी स्कॅनमध्ये उजव्या मूत्रवाहिनीत खालच्या टोकाजवळ ६ मिमीचा खडा आणि किडनीला किंचित सूज दिसली. वेदनाशामक गोळ्या आणि रात्री घ्यायची टॅम्सुलोसिनची कॅप्सूल दिली आहे. दोन आठवड्यांनी सोनोग्राफीला बोलावलं आहे.

बुधवारी आणि गुरुवारी अधूनमधून कळा आल्या. शुक्रवारपासून दुखणं पूर्ण थांबलं आहे. आज आठवा दिवस. पण लघवीतून काही पडलेलं मी पाहिलेलं नाही.

खडा पडून गेला असं समजू का? सोनोग्राफी करायलाच हवी का? पुन्हा रात्री-अपरात्री कळ आली तर घरी काय करता येईल? आणि जो भेटतो तो सांगतो, रोज पाच-सहा लिटर पाणी पी, खडा वाहून जाईल. हे खरं आहे का?

प्रतिसाद १

माझा ४ मिमीचा होता, अकराव्या दिवशी पडला. लघवी करताना क्षणभर अडल्यासारखं झालं, मग बारीक टक् असा आवाज आला. तिळाएवढा तपकिरी खडा, वर काटे काटे. तुम्हाला पत्ता न लागता पडलाही असेल. आजपासून प्रत्येक वेळी लघवी बारीक जाळीच्या गाळणीतून गाळा. खडा मिळाला तर कोरड्या डबीत ठेवा आणि तपासायला द्या. तो कशाचा आहे हे कळलं की पुढचे उपाय ठरवणं सोपं जातं.

प्रतिसाद २

ताई, सोनोग्राफी अजिबात चुकवू नका. मोठं लिहितो, पण कृपा करून पूर्ण वाचा.

खडा टोचतो म्हणून दुखतं असं आपल्याला वाटतं. दुखण्याचा मोठा भाग तुंबण्याचा असतो. मूत्रवाहिनी ही २५-३० सेंमी लांबीची, आतून जेमतेम ३-४ मिमी रुंद नळी. तिच्यात खडा अडकला की वरून येणारी लघवी तुंबते, किडनीवरचं आवरण ताणलं जातं, आणि खड्याला पुढे ढकलायला नळी आवळत राहते. कळ लाटांसारखी येते ती त्यामुळे. वाटेत तीन ठिकाणं जास्त अरुंद आहेत: किडनीतून बाहेर पडताना, कमरेजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडताना, आणि मूत्राशयात शिरताना. शेवटची सगळ्यात चिंचोळी. तुमचा खडा तिच्याच आसपास आहे.

आता मुद्द्याचं. कळ थांबण्याची कारणं तीन. खडा पडला तर थांबते. खडा जरा सरकला आणि त्याच्या बाजूने लघवीला वाट मिळाली तरी थांबते. आणि तिसरं, खडा तिथेच घट्ट बसलेला असतो, पण तुंबलेल्या किडनीत काही दिवसांनी लघवीच कमी तयार होते, आतला दाब उतरतो, तरीही थांबते. तिन्ही वेळा माणसाला आतून अगदी सारखंच, मोकळं मोकळं वाटतं.

माझ्या बाबतीत तिसरं झालं. आठ वर्षांपूर्वी डाव्या बाजूला खडा होता. चार दिवस तळमळलो आणि मग एकदम शांत झालं. मी समजलो, सुटलो. पुढची तारीख होती ती गेलो नाही. सात महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी पोटाची सोनोग्राफी झाली. करणारे डॉक्टर डाव्या बाजूला प्रोब फिरवत बराच वेळ थांबले, मग हळूच म्हणाले, "इथे काही दुखत नाही का तुम्हाला?" खरंच काही दुखत नव्हतं. खडा जिथल्या तिथे होता. तो काढला, पण त्यानंतरच्या रेनल स्कॅनमध्ये (किडनी किती काम करते हे मोजणाऱ्या तपासणीत) डावी किडनी एकूण कामाच्या फक्त १८ टक्के काम करते असं निघालं. गेलेलं काम परत आलं नाही.

तुम्हाला घाबरवायचं नाही. आठ दिवसांत असं होत नाही. ५ मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक आपोआप पडतात आणि ६ मिमीचेही बरेच पडतात. चार-सहा आठवडे वाट पाहणं ही मान्य पद्धत आहे, पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली पाहायची असते.

प्रतिसाद ३

मी अनेक वर्षं आपत्कालीन विभागात परिचारिका आहे. मुतखड्याचा पेशंट दारातूनच ओळखू येतो. अपेंडिक्सचा पेशंट हलायला तयार नसतो, आणि हा एका जागी राहू शकत नाही.

घरी काय करायचं ते सांगते. गोळी असह्य होईपर्यंत थांबवून ठेवू नका, कळ सुरू होतेय असं वाटताच घ्या. डायक्लोफेनॅकसारखी औषधं या दुखण्यावर चांगली चालतात, कारण किडनीतला दाब वाढवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन ती कमी करतात. पण किडनीचा जुना आजार, जठरातला अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाहीत. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर गुदमार्गे घ्यायची सपोझिटरी मिळते, ती आधीच लिहून मागा. कुशीवर गरम पाण्याची पिशवी ठेवा. साधा उपाय आहे, पण मी कितीतरी जणांचे आवळलेले जबडे त्याने सैल झालेले पाहिले आहेत.

पाण्याबद्दल: कळ चालू असताना बळेबळे पाणी पिऊन खडा वाहून जात नाही. वाट बंद असताना वरून लोट सोडला तर तुंबणं वाढतं आणि उलटी होते. तहानेप्रमाणे घोट घोट प्या. भरपूर पाण्याचं काम पुढचं आहे, नवा खडा होऊ नये म्हणून.

आणि आता हे मनात कोरून ठेवा. थंडी वाजून ताप आला, ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर सकाळची वाट पाहायची नाही. तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला की काही तासांत तो रक्तात पसरू शकतो. तेव्हा खडा काढायची घाई नसते, आधी मूत्रवाहिनीत स्टेंट म्हणजे बारीक मऊ नळी बसवून किंवा पाठीतून नळी घालून किडनी मोकळी करतात. लघवी पूर्ण बंद झाली, उलट्या थांबेनात, गोळीने कळ उतरेना, किंवा माणसाला एकच किडनी असेल, तरी थेट दवाखाना. ताप आणि मुतखडा एकत्र आले की मला आजही धडकी भरते.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून रात्री झोप लागली नाही, पण लिहिलंत ते फार बरं केलंत. सोनोग्राफी उद्यावर घेतली आहे.

एक विचारायचं राहिलं. ती रात्रीची कॅप्सूल घेतल्यापासून पहाटे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. बंद करू का?

प्रतिसाद ३

मनाने बंद करू नका, उद्या डॉक्टरांना सांगा. ती मूत्रवाहिनीचं खालचं टोक सैल करते, सोबत रक्तदाबही थोडा उतरवते. तोवर पलंगावरून एकदम उठू नका. आधी मिनिटभर कडेला पाय सोडून बसा.

मूळ प्रश्नकर्ती

सोनोग्राफी झाली. किडनीची सूज वाढली आहे. आधी किंचित होती, आता मध्यम. पुन्हा सीटी केला, खडा तिथेच आहे, एक मिलिमीटरही सरकलेला नाही. आणि मला काहीही दुखत नाही. रिपोर्ट हातात घेऊन बाकावर बसले होते तेव्हा तुमचं ते "सारखंच मोकळं मोकळं" आठवत होतं.

यूरोलॉजिस्टनी दोन पर्याय सांगितले: शॉकवेव्ह किंवा दुर्बिणीतून लेझर. ठरवायला एक दिवस दिला आहे. कुणी काय केलं?

प्रतिसाद ४

मी दोन्ही अनुभवलं आहे. शॉकवेव्हमध्ये कुठे कापत नाहीत, शरीराच्या बाहेरून लहरी सोडून खडा फोडतात. १९८० साली म्युनिकमध्ये पहिल्यांदा माणसावर केलं, त्याआधी असा खडा काढायला मोठं ऑपरेशन लागायचं. त्यामुळे या शोधाबद्दल मला खरंच कृतज्ञता वाटते. पण फुटलेले तुकडे आपले आपल्यालाच लघवीतून काढायचे असतात. माझा खडा टणक होता, दोन वेळा करूनही अर्धा राहिला आणि तुकडे उतरताना पुन्हा कळा सोसल्या.

त्यानंतर दुर्बीण केली. मूत्रमार्गातूनच बारीक दुर्बीण वर नेतात, खड्याचा लेझरने चुरा करतात, तुकडे टोपलीसारख्या जाळीत पकडून बाहेर काढतात. भूल द्यावी लागते, पण बहुतेकदा एका बैठकीत काम होतं. तुमचा खडा खालच्या टोकाला आहे आणि किडनी सुजते आहे. मी तुमच्या जागी असतो तर दुर्बीणच निवडली असती. किडनीतला २० मिमीपेक्षा मोठा खडा असेल तर मात्र पाठीला छोटं छिद्र पाडून काढणं बरं पडतं, तुम्हाला त्याची गरज नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दुर्बीण झाली, खडा निघाला. घरी येऊन तीन दिवस झाले. आत डीजे स्टेंट आहे, आणि खरं सांगायचं तर स्टेंटची कल्पना कुणीच नीट दिली नव्हती. दर अर्ध्या तासाला लघवीला जावंसं वाटतं. लघवी होत असताना कुशीत कळ वर चढते. आणि काल जिना चढून आल्यावर लघवी फिकट लाल झाली. हे नेहमीचं आहे की काही बिघडलं?

प्रतिसाद ४

अगदी नेहमीचं. स्टेंट ही दोन्ही टोकांना वळवलेली मऊ नळी असते, एक वळण किडनीत, एक मूत्राशयात. खालचं वळण मूत्राशयाला घासतं म्हणून सारखी घाई होते. लघवी करताना मूत्राशय आवळतं तेव्हा थोडी लघवी नळीतून उलटी वर जाते, म्हणून कुशीत कळ. जिने, धावपळ, वजन उचलणं यांनी लाली वाढते, पाणी पिऊन आडवं झालं की उतरते. लघवीतून रक्ताच्या गाठी पडायला लागल्या किंवा ताप आला तर लगेच कळवा. घाईसाठी औषध असतं, ते मागा, सोसत बसू नका. जोर करून लघवी करू नका, वेळ लागला तरी सावकाश होऊ द्या.

प्रतिसाद ५

ताई, आता पुढचं बघा. एकदा खडा झालेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो. पण आपल्या हातात बरंच आहे. इटलीतल्या डॉक्टरांनी पहिला खडा झालेल्या १९९ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापले. मुद्दाम जास्त पाणी पिणाऱ्यांत १२ टक्क्यांना खडा परत झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. पाणी किती प्यायलो यापेक्षा लघवी किती झाली हे मोजा: दिवसाला अडीच लिटर. मी सुट्टीच्या दिवशी एका मापाच्या बाटलीत मोजायचो, आता रंगावरून अंदाज येतो.

दूध-दही मात्र बंद करू नका. मीही केलं होतं, कॅल्शियमचा खडा म्हणजे कॅल्शियम बंद, असं वाटून. उलट आहे. कॅल्शियमचे बहुतेक खडे ऑक्झलेट या अन्नातल्या पदार्थाशी जुळून होतात. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते रक्तात जात नाही. २००२ मध्ये त्याच देशात १२० पुरुषांवरचा अभ्यास आला. नेहमीएवढं कॅल्शियम, पण मीठ आणि मांस कमी, असं खाणाऱ्यांत पाच वर्षांत २० टक्क्यांना खडा झाला, कॅल्शियम तोडलेल्यांत ३८ टक्क्यांना. मीठ कमी करणं महत्त्वाचं, कारण मिठाबरोबर लघवीत कॅल्शियम जास्त जातं. पालक आणि बदाम यांत ऑक्झलेट जास्त, ते बेताने. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून बंद करा. खडा यूरिक ॲसिडचा निघाला तर गोष्ट वेगळी, तो पोटॅशियम सायट्रेट या औषधाने विरघळूही शकतो. म्हणून आधी तपासणीचा रिपोर्ट येऊ दे.

प्रतिसाद २

खडा निघाला हे वाचून खूप हलकं वाटलं. एकच विचारतो: स्टेंट काढायची तारीख तुमच्याकडे लिहून आहे ना? त्रास आठवडाभरात अंगवळणी पडतो आणि मग लोक स्टेंट विसरतात. महिनोन् महिने राहिला तर त्याच्यावरच खडे चढतात.

मूळ प्रश्नकर्ती

लिहून आहे. पुढच्या सोमवारी, सकाळी साडेनऊ. फ्रिजच्या दारावर मोठ्या अक्षरात लावली आहे, आणि धाकट्या मुलीने तिच्या मोबाइलमध्येही घातली आहे. खड्याचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळेल, तो इथे टाकते. सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी आहे, दुखो न दुखो.