गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर थेट ऑइल पेंट नको
गॅल्व्हनाइज्ड पत्रा म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पत्रा. या थरावर ओरखडा गेला की गंज आत शिरणारच, असा एक समज आहे. रंगाच्या बाबतीत ते खरं, जस्ताच्या बाबतीत नाही. रंग फक्त झाकतो. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील, त्यामुळे ओल लागली की ते आधी स्वतः झिजतं आणि शेजारचं उघडं लोखंड वाचवतं. बारीक ओरखडा किंवा पत्र्याची कापलेली कड म्हणूनच बरीच तग धरते. मोठा भाग उघडा पडला तर मात्र जस्ताचाही इलाज चालत नाही.

पण मला सांगायचा मुद्दा वेगळा आहे. अशा पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारू नका. त्यातल्या अल्कीड रेझिनची (रंग धरून ठेवणाऱ्या, तेलापासून बनवलेल्या चिकट घटकाची) जस्ताशी हळूहळू प्रक्रिया होते आणि दोघांच्या मधे जस्ताचा साबण तयार होतो, रसायनशास्त्राच्या अर्थाने खराखुरा साबण. सुरुवातीला काम झकास दिसतं. पुढे रंगाची पकड सुटते. असा रंग मी नखाने उचलून पाहिलाय: सलग पापुद्रा निघतो आणि खाली पत्रा स्वच्छ, गंजाचा ठिपकासुद्धा नाही. दोष मात्र रंगाऱ्याच्या हाताला दिला जातो, आणि ते मला फार खटकतं. नवा पत्रा असेल तर त्याचा तेलकटपणा आधी धुऊन काढा, हलका घासा आणि गॅल्व्हनाइज्ड धातूसाठी चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला प्रायमरच लावा. साधा रेड ऑक्साइड प्रायमरही बहुतेक वेळा अल्कीडचाच असतो, तेव्हा तो लावून हा प्रश्न सुटत नाही.